'दुष्परिणाम' : एका उपसर्गाचा सामाजिक इतिहास

१

भीमेच्या काठी, शिरूर तालुक्याच्या दक्षिण अंगाला मांडवगण फराटा हे गाव आहे. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. दोन्ही तीरांवर ऊस आहे, आणि उसाबरोबर आलेला पैसा, बाजार, शाळा, दवाखाने व औषधांची दुकानेही आहेत. अशा गावातील औषधाच्या दुकानात दुकानदार आणि गिऱ्हाईक एकमेकांना ओळखतात. गिऱ्हाइकाचे घर, भावकी, बहुधा सासर-माहेरही दुकानदाराला ठाऊक असते. डोकेदुखीची गोळी मागताना ही ओळख सोयीची ठरते. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यावयाची गर्भनिरोधक गोळी मागताना मात्र तीच ओळख अडचण होऊन उभी राहते. त्यामुळे हा व्यवहार होईल तितक्या कमी शब्दांत उरकला जातो. नाव उच्चारले जाते, पैसे दिले जातात, पुडी हातात पडते. विचारायचे असते ते राहूनच जाते. डबीतल्या घडीच्या कागदावर त्याचे उत्तर छापलेले असते खरे, पण बहुधा इंग्रजीत, आणि तेही भिंगाखाली धरावे इतक्या बारीक अक्षरांत.

हा प्रश्न कधी विचारला गेलाच, तर तो कोणत्या मराठीत विचारला जातो? 'गोळी बाधणार तर नाही ना?', 'उष्ण पडते का?', 'मला मानवेल का?' औषध आणि शरीर यांच्यातील नात्यासाठी आपल्या बोलीत अशी कितीतरी क्रियापदे आहेत: बाधणे, मानवणे, सोसणे, लागू पडणे. यांपैकी एकातही दोषारोप नाही. एखाद्याला दूध मानवत नाही, म्हणून कोणी त्याला दुर्वर्तनी म्हणत नाही. छापील मराठीत मात्र या साऱ्यांच्या जागी एकच शब्द बसला आहे: दुष्परिणाम. इंग्रजीतील 'साइड इफेक्ट' या जोडशब्दातली 'बाजू' मराठीत येताना गळून पडली आणि तिच्या जागी 'दुस्' हा उपसर्ग आला. दुराचार, दुष्कृत्य, दुर्वर्तन यांच्या पंगतीला हा शब्द बसतो. 'दारूचे दुष्परिणाम' हा शालेय निबंधाचा विषय आणि 'गोळीचे दुष्परिणाम' हा वैद्यकीय मजकूर एकाच शब्दाने सांगितला जातो. ऐकणाऱ्याच्या मनात दोन्ही ठिकाणी एकच सूर उमटला, तर त्यात नवल नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हा सूर आहे. गर्भनिरोधनाच्या संदर्भात 'दुष्परिणाम' या एका शब्दाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र येतात: औषधाचा अपेक्षित आणि तात्पुरता त्रास, खऱ्या धोक्याची खूण, आणि 'केल्याची शिक्षा'. पहिल्या दोन गोष्टी वैद्यकाच्या आहेत, तिसरी नीतीची आहे. तिसरी पहिल्या दोघींपासून वेगळी काढण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात सुमारे शंभर वर्षे चालू आहे, आणि तो अजून पुरा झालेला नाही.

२

या प्रयत्नाचा आरंभ रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यापासून मानणे योग्य होईल. महर्षी कर्व्यांचे हे ज्येष्ठ चिरंजीव (जन्म १८८२) मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र उघडले तेही त्याच वर्षी. या कामापायी कर्व्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. पत्नी मालतीबाई या साऱ्या ओढगस्तीत त्यांच्या सोबत होत्या.

कर्व्यांच्या विरोधकांचा युक्तिवाद काय होता, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्याचे सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत वजनदार रूप गांधीजींच्या लेखनात सापडते. १९२५ मध्ये 'यंग इंडिया'त त्यांनी कृत्रिम साधनांना विरोध करताना दोन गोष्टी एका दमात मांडल्या. एक, आपल्या कृत्याच्या परिणामांतून सुटू पाहणे अनैतिक आहे. दोन, अशी साधने वापरणाऱ्यांच्या वाट्याला बुद्धिमांद्य आणि मज्जातंतूंची दुर्बलता येईल. पहिले विधान नीतीचे आहे. त्याच्याशी मतभेद होऊ शकतो, पण ते पुराव्याने खोडता येत नाही. दुसरे विधान मात्र शरीरशास्त्राचे आहे आणि ते तपासता येते. ही दोन विधाने एकमेकांना चिकटली की रोग हा पापाचा पुरावा बनतो. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. त्या भेटीतही गांधीजींचे मत बदलले नाही.

कर्व्यांचे वेगळेपण असे, की त्यांनी ही दोन विधाने एकमेकांपासून सोडवली. नीतीच्या प्रश्नाला त्यांनी बुद्धिवादाने उत्तर दिले आणि शरीराच्या प्रश्नाला शरीराच्या भाषेत. 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांचे प्रश्न येत, आणि कर्वे त्यांना थेट, पाल्हाळ न लावता उत्तरे देत. ते वैद्य नव्हते. त्यांच्या काळाचे ज्ञान आज बरेच मागे पडले आहे, आणि त्यांचा प्रत्येक सल्ला आज ग्राह्य धरता येणार नाही. परंतु 'तुम्ही असे का केलेत?' हा प्रतिप्रश्न न करता उत्तर देण्याची पद्धत त्यांनी मराठीत रूढ करण्याचा प्रयत्न केला. लैंगिक आरोग्याविषयी मराठीत लिहिणाऱ्याला अशा पद्धतीचा पूर्वाधार फारसा नव्हता.

खटला झाला तोही या उत्तरांवरूनच. १९३१ च्या पहिल्या खटल्यानंतर १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य'वर पुन्हा अश्लीलतेचा आरोप आला. या वेळी आक्षेप होता तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरला आणि कर्व्यांना दंड भरावा लागला. आंबेडकरांनी मात्र विषय सोडला नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या कायदेमंडळात पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या सोयी सरकारने पुरवाव्यात असा ठराव मांडला. त्यामागील भाषण आंबेडकरांनी तयार केले होते. वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीच्या आरोग्याची होणारी हानी हा त्यातील एक मुख्य मुद्दा होता. ठराव फेटाळला गेला.

वाङ्मयाच्या अभ्यासकांना इथे एक समांतर घटना आठवेल. कर्व्यांवरील या खटल्याच्या आदल्याच वर्षी, १९३३ मध्ये, 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले होते. लेखिकेचे नाव होते विभावरी शिरूरकर. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांनी ते घेतले होते. शिकलेल्या अविवाहित मुलीच्या मनाविषयी लिहिणाऱ्या बाईला टोपणनाव घ्यावे लागले, आणि ती कोण याचा शोध हाच त्या पुस्तकाइतका चर्चेचा विषय झाला. प्रश्न विचारणाऱ्यालाही नाव झाकावे लागत होते आणि उत्तर देणाऱ्याला कोर्टाची पायरी चढावी लागत होती. मांडवगणातील औषधाच्या दुकानात आज जे मौन पाळले जाते, त्याची वंशावळ ही आहे.

३

पुण्यात हे काम शकुंतला परांजपे यांनी पुढे नेले. १९३८ पासून सुमारे दोन दशके त्यांनी संततिनियमनाचा सल्ला देण्याचे काम केले. पुढे त्या राज्याच्या विधान परिषदेवर आणि राज्यसभेवरही गेल्या. याच काळात, १९५२ मध्ये, कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम झाला. जे सांगितल्याबद्दल कर्व्यांना दंड झाला होता, ते सांगणे आता सरकारी कर्तव्य बनले.

परंतु या स्थित्यंतरात एक गोष्ट हरवली. कर्व्यांकडे येणारा माणूस प्रश्न घेऊन येत होता. सरकारी कार्यक्रमात माणसाकडे जाणारा कर्मचारी उद्दिष्ट घेऊन जाऊ लागला. उद्दिष्टाच्या आकड्यात 'मला हे बाधेल का?' या प्रश्नाला जागा नसते. तो प्रश्न म्हणजे कामातला अडथळा, विचारणारी बाई म्हणजे अडाणी. आणीबाणीत ही प्रवृत्ती टोकाला गेली. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य. त्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, पण दहशत बसायची ती बसलीच. या गोळीला मराठीत 'आपत्कालीन' किंवा 'तातडीची' म्हणतात, 'आणीबाणीची' म्हणत नाहीत, यामागे भाषेची स्मृती असावी असे मला वाटते. कुटुंबनियोजन आणि आणीबाणी हे दोन शब्द महाराष्ट्रात शेजारी ठेवले की अर्थ बदलतो.

याच दशकांत गर्भपाताचा कायदाही झाला. त्यासाठी १९६४ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा होते. कायदा १९७१ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. कायदा आला तरी 'पिशवी धुणे', 'खाली करणे' असे आडवळणाचे शब्द गेले नाहीत, आणि शब्दांबरोबर आडवळणाचे उपायही टिकून राहिले. कच्ची पपई, तीळ-गूळ, उष्ण काढे यांच्या जोडीला एक आधुनिक उपाय आला, तो म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या व इंजेक्शने.

हे प्रकरण विसरता कामा नये. 'दिवस गेले आहेत की नाहीत' हे पाहण्यासाठी म्हणून ही औषधे दिली जात. रक्तस्राव झाला तर गर्भ नाही असे समजायचे. लोकव्यवहारात ती 'पाळी आणण्याची गोळी' म्हणजे गर्भ पाडण्याचे औषध झाली. त्या कामी तिचा भरवसा नव्हता, आणि गर्भ राहिलाच तर त्यात व्यंग येण्याची शंका होती. केंद्र सरकारने १९८२ मध्ये तिच्यावर बंदीचा आदेश काढला. उत्पादक न्यायालयात गेले. स्त्री-संघटना, आरोग्य-कार्यकर्ते आणि महाराष्ट्रातील लोकविज्ञान संघटनेसारख्या गटांनी ही लढाई लावून धरली, आणि १९८८ मध्ये बंदी प्रत्यक्षात आली. पाश्चात्त्य देशांतही असाच एक धडा मिळाला होता. डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन ज्या गरोदर स्त्रियांना दिले गेले, त्यांच्या मुलींमध्ये एका दुर्मिळ कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे १९७१ मध्ये उघड झाले.

म्हणजे 'हार्मोनची गोळी बाधते' ही बायांची भीती निव्वळ अज्ञानातून आलेली नाही. तिच्यामागे एका काळचा खरा अनुभव आहे. आजच्या गोळीविषयी बोलताना या अनुभवाचा मान राखूनच फरक सांगावा लागतो.

४

आजच्या गोळीचा पूर्वज म्हणजे कॅनडातील डॉक्टर अल्बर्ट युझ्पे यांनी १९७४ मध्ये मांडलेली पद्धत. त्यात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन या दोन्हींच्या गोळ्या बारा तासांच्या अंतराने घ्याव्या लागत. मळमळ हा तिचा मोठा दोष होता. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत केलेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत असे दिसले, की युझ्पे पद्धतीत सुमारे ५० टक्के स्त्रियांना मळमळ झाली, तर केवळ लेव्होनॉर्जेस्ट्रेल घेणाऱ्यांत सुमारे २३ टक्के. उलटीचे प्रमाण जवळजवळ १९ टक्क्यांवरून ६ टक्क्यांच्या आत आले. वेळेचे महत्त्वही त्याच अभ्यासाने दाखवले. पहिल्या २४ तासांत गोळी घेतल्यास संभाव्य गर्भधारणांपैकी सुमारे ९५ टक्के टळल्या, दुसऱ्या दिवशी ८५, तिसऱ्या दिवशी ५८.

भारतात ही गोळी या शतकाच्या आरंभी सरकारी कार्यक्रमात आली. २००५ मध्ये ती डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकण्यास परवानगी मिळाली आणि २००७ मध्ये 'आय-पिल'च्या जाहिरातींनी ती घरोघरच्या दूरदर्शन-संचावर पोचली. २०११ पासून आशा कार्यकर्तीने घरपोच द्यावयाच्या साधनांतही तिचा समावेश झाला. एका गोळीच्या पाकिटाची किंमत दोन रुपये ठरली होती. गोळी पोचली. तिच्याविषयीचे उत्तर पोचले का, हा प्रश्न मात्र उरतो. म्हणून इतिहास क्षणभर बाजूला ठेवून ते उत्तर साध्या मराठीत मांडून पाहू.

ही गोळी स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवते. गर्भ आधीच राहिला असेल तर ती त्याला काही करत नाही, म्हणून ती गर्भपाताची गोळी नव्हे. १.५ मिलिग्रॅमची एक गोळी शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत घ्यायची. पाच दिवसांपर्यंत थोडा उपयोग होऊ शकतो, पण तो उत्तरोत्तर कमी होत जातो. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी हा याहून खात्रीचा उपाय आहे, पण तिच्यासाठी दवाखान्यात जावे लागते.

आता 'दुष्परिणामां'चा पहिला वर्ग, म्हणजे अपेक्षित त्रास. मळमळ, डोकेदुखी, थकवा, चक्कर, स्तन दुखरे होणे, ओटीपोटात कळ, मध्येच रक्ताचे डाग दिसणे. हे बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते. डाग थोडे अधिक दिवस दिसू शकतात. पुढची पाळी काही दिवस आधी किंवा नंतर येऊ शकते. इथे आपली भाषा पुन्हा आडवी येते. मराठीत पाळी 'चुकते'. पाऊलही चुकते आणि हिशेबही चुकतो. गोळीने पाळी चार दिवस पुढे गेली, तरी 'चुकली' या शब्दातून चुकीची टोचणी लागते, आणि औषधाचा नित्याचा परिणाम शिक्षेसारखा वाटू लागतो. तो शिक्षा नाही. या गोळीने पुढे मूल होण्यात अडथळा येतो असा पुरावा नाही. गोळी घेऊनही गर्भ राहिला, तर त्याला ती अपाय करते असेही आढळलेले नाही.

दुसरा वर्ग धोक्याच्या खुणांचा. त्यात डॉक्टरांचा सल्ला केव्हा घ्यावा हे नेमके सांगता येते. गोळी घेतल्यापासून दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली, तर ती पोटात राहिली असे धरू नये. लगेच विचारून पुन्हा मात्रा घ्यावी. पाळी अपेक्षित दिवसापेक्षा आठवडाभर लांबली, किंवा गोळीनंतर तीन आठवडे उलटूनही आली नाही, तर लघवीची गर्भ-तपासणी करावी. पाळी आली पण नेहमीपेक्षा फारच थोडी किंवा वेगळी वाटली, तरीही करावी. ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, तीव्र व न थांबणारी कळ येत असेल, सोबत रक्तस्राव, घेरी किंवा खांद्याच्या टोकाशी दुखणे असेल, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. गोळीमुळे गर्भनलिकेत गर्भ राहण्याचा धोका वाढत नाही. परंतु गोळी घेऊनही गर्भ राहिला, तर तो नलिकेत तर नाही ना हे पाहावेच लागते, कारण नलिका फुटली की जिवावर बेतते. अंगावर पित्त उठणे, चेहरा सुजणे, श्वास लागणे ही वावड्याची लक्षणे दिसली तरी थांबू नये.

काही गोष्टी गोळी घेण्यापूर्वीच विचारायच्या असतात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन, फेफऱ्यावरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन, एचआयव्हीवरील एफाव्हिरेन्झ ही औषधे चालू असतील, तर गोळीचा प्रभाव कमी होतो. अशा वेळी दुप्पट मात्रा की तांबी, हे डॉक्टरांनी ठरवावे. वजन बरेच अधिक असल्यासही गोळी कमी पडू शकते. अंगावर पाजणाऱ्या आईला ती घेता येते. आणखी एक बाब बहुतेकांना ठाऊक नसते. गोळी स्त्रीबीज पुढे ढकलते, त्यामुळे गोळीनंतरच्या दिवसांत पुन्हा संबंध आल्यास गर्भ राहू शकतो. पुढच्या संबंधांना तिचे संरक्षण नाही, आणि गुप्तरोगांपासून तर मुळीच नाही. वारंवार घेतली म्हणून तिने विषबाधा होत नाही, पण पाळीचे चक्र विस्कळीत होते आणि नियमित साधनाइतकी खात्री मिळत नाही. तशी वेळ पुन्हापुन्हा येत असेल, तर नियमित साधनाचा सल्ला घेणे हेच शहाणपण.

गर्भपाताच्या गोळ्यांशी हिची गल्लत मात्र घातक ठरते. मिफेप्रिस्टोन व मिसोप्रोस्टोल यांची जोडी हे निराळे औषध आहे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. दुकानातून चोरून आणून घेतल्यावर तासाला दोन मोठे पॅड भिजतील असा रक्तस्राव सलग दोन तास होत राहिला, ताप आला किंवा दुर्गंधी सुटली, तर लपवाछपवी बाजूला ठेवून रुग्णालयात जावे.

५

एवढे सांगितल्यावरही एक अडचण उरते, आणि ती पुन्हा शब्दांची आहे. डॉक्टरसमोर बसलेली बाई म्हणते, 'अंगावरून जातंय.' मराठीतील हा वाक्प्रचार नेहमीच्या पाळीला लागू पडतो, गोळीनंतरच्या डागांना लागू पडतो, गर्भपाताला, अतिरक्तस्रावाला आणि 'पांढरे' जोडले की श्वेतप्रदरालाही. लाजेने घडवलेला हा शब्द सर्वांना सामावून घेतो आणि नेमके काहीच सांगत नाही. चांगला डॉक्टर तो शब्द हसण्यावारी नेत नाही. तो पुढे विचारतो: केव्हापासून, किती कापडे भिजली, गाठी पडतात का, कळ कुठे येते. घाईतला डॉक्टर तेवढ्यावरच निदान करतो. त्याची परिसीमा बीड जिल्ह्यात दिसली. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या आणि पांढऱ्या पाण्याच्या साध्या तक्रारी घेऊन गेलेल्या बायांना कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया केल्याच्या कहाण्या तेव्हा बाहेर आल्या. भीमाकाठच्या उसावर कोयता चालवायला येणाऱ्यांतही याच बाया असतात. 'डॉक्टरांचा सल्ला घ्या' हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. केव्हा घ्यावा, कोणाचा घ्यावा आणि तिथे काय विचारावे, हे सांगितल्याशिवाय ते पुरे होत नाही.

सुदैवाने उत्तर देण्याची परंपराही याच मुलखात आहे. मांडवगण फराटा ज्या तालुक्यात आहे, त्याच शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७२ मध्ये ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावातल्याच बायामुलींना आरोग्याचे शिक्षण द्यायचे आणि त्यांनी गावाच्या भाषेत गावाशी बोलायचे, हा त्या कामाचा गाभा होता. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरंदर तालुक्यात १९८७ मध्ये 'मासूम' ही संस्था उभी राहिली. तिने स्त्रियांना स्वतःचे शरीर ओळखायला शिकवले आणि गर्भपाताविषयी ग्रामीण स्त्रिया स्वतः काय म्हणतात, याचा अभ्यासही केला. या दोन्ही कामांतून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रश्न विचारायला बाई लाजत असेल, तर नुसती लाज सोडायला सांगून भागत नाही. जिला विचारताना लाज वाटणार नाही अशी व्यक्ती जवळ असावी लागते. आशा कार्यकर्तीकडून आज हीच अपेक्षा आहे. पण ती त्याच गावची, त्याच भावकीतली असते, आणि आपले गुपित तिच्या तोंडून फुटणार नाही हा भरवसा प्रत्येक गावात नव्याने कमवावा लागतो.

जिच्यावर बळजबरी झाली आहे, तिच्या बाबतीत तर उत्तर मिळणे हा कायद्याने दिलेला हक्क आहे. २०१३ पासून कोणत्याही सरकारी वा खाजगी रुग्णालयाने अशा स्त्रीवर विनामूल्य प्रथमोपचार करणे बंधनकारक आहे, आणि आपत्कालीन गर्भनिरोधन हा त्या उपचारांचा भाग मानला गेला आहे. तिथेही 'आधी हे सांग, तू तिथे का गेली होतीस' असा प्रश्न पुढे येत असेल, तर १९३४ चा खटला अजून संपलेला नाही असे म्हणावे लागेल.

शब्द बदलल्याने समाज बदलतो असा माझा दावा नाही. 'दुष्परिणाम' हा शब्द आता इतका रुळला आहे की तो काढून टाकणे शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. परंतु मराठी शिकवणाऱ्यांना आणि मराठीत लिहिणाऱ्यांना एवढे करता येईल: औषधाच्या डबीतला तो बारीक अक्षरांचा कागद बाधणे, मानवणे, थांबणे, वाढणे या रोजच्या क्रियापदांत लिहून पाहणे. हा स्वाध्याय भाषेच्या वर्गातही देता येईल. विद्यार्थ्यांनी लिहिलेला तो अर्धा पानभर मजकूर मोठ्या अक्षरांत औषधाच्या दुकानाच्या भिंतीवर लागला, तर मांडवगणातल्या एखाद्या बाईला तोंडाने काही न विचारताही कळेल, की आज मळमळते आहे ते उद्या थांबेल, आणि पोटात एका बाजूला कळ वाढत गेली तर उद्याची वाट पाहायची नाही.